सायकलीला घरी मोटर बसवताना बॉटम ब्रॅकेट सुखरूप कसा काढावा

सायकलीला घरच्या घरी विजेची मोटर बसवायची म्हटले की बहुतेकांना धास्ती वाटते ती बॅटरीची आणि वायरींची. प्रत्यक्षात किटमधल्या वायरींना एकमेकांतच बसतील असे रंगीत जोड असतात आणि ते काम एका दुपारी उरकते. दिवस खातो तो बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधोमध फ्रेमला जी आडवी आखूड नळी असते तिच्यातला एक्सल, छर्रे आणि छर्रे ज्यांत फिरतात ते दोन बाजूंचे दोन कप. मधोमध बसणाऱ्या मोटरचा, जिला मिड-ड्राइव्ह म्हणतात, स्वतःचा एक्सल याच नळीतून आरपार जातो, त्यामुळे ही नळी आधी पूर्ण रिकामी करावी लागते. या नळीला मी पुढे शेल म्हणणार आहे. एक्सलला पुस्तकी मराठीत धुरा म्हणता येईल, पण आपल्या विदर्भात धुरा म्हटले की वावराचा बांध डोळ्यांपुढे येतो, म्हणून दुकानात चालणारा एक्सल हाच शब्द ठेवला आहे.

दहा-पंधरा वर्षे पांदणीतून, काळ्या मातीच्या चिखलातून आणि खताची पोती वाहत चाललेल्या सायकलीचे हे कप गंजाने अगदी घट्ट धरलेले असतात. माझ्या चोवीस इंची काळ्या सायकलीचा उजवा कप सुटेना, म्हणून मी ती तालुक्याच्या एका दुकानात नेली. तिथे अर्धा तास छिन्नी-हातोडा चालला आणि तो सगळा वेळ कप घट्ट होण्याच्या दिशेने ठोकला जात होता. सायकल घरी आली तेव्हा कपाच्या दोन्ही सपाट कडा गोल झाल्या होत्या आणि शेलच्या तोंडावर छिन्नीचे तीन खोल घाव पडले होते. पुढे तोच कप योग्य दिशेने, बेताच्या जोरात, दोन मिनिटांत निघाला. त्या दिवसापासून मी हे काम हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हातोड्याच्या आधी दिशा समजावून सांगतो, आणि हा लेखही त्याचसाठी लिहिला आहे.

काही जण म्हणतात की मोटरच्या एक्सलला शेलमधले आटे लागतच नाहीत, तो गुळगुळीत असतो आणि डावीकडून नटाने आवळला जातो, मग जुने आटे खराब झाले तर काय बिघडले? मला हे पटत नाही. मोटर किंवा तिला वीज सोडणारा कंट्रोलर बंद पडला आणि सुटा भाग महिनाभर मिळाला नाही, तर ती सायकल पुन्हा पायडलवर आणता आली पाहिजे. ज्या घरात वावरात जायला, दुधाची कॅन पोचवायला आणि पोरांना शाळेत सोडायला एकच सायकल आहे, तिथे आटे वाचवणे म्हणजे सायकल वाचवणे आहे.

आधी पाहायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे बॉटम ब्रॅकेट काढायची खरोखर गरज आहे का हे ठरवावे. मागच्या किंवा पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणारी मोटर घेतली असेल तर शेल रिकामा करावा लागत नाही. अशा किटमध्ये पायडल फिरत असल्याचे ओळखणारा सेन्सर मात्र बॉटम ब्रॅकेटजवळ बसतो. त्याची चुंबकांची चकती दोन अर्ध्या तुकड्यांची असेल तर क्रँकही, म्हणजे पायडल आणि एक्सल यांना जोडणारा दांडा, न काढता ती एक्सलवर बसते. चकती अखंड असेल तर एका बाजूचा क्रँक काढावा लागतो, आणि सेन्सरची पट्टी कपाखाली दाबून धरायची असेल तरच त्या बाजूचा कप सोडवावा लागतो. दांडीच्या ब्रेकच्या जुन्या सायकलीसाठी माझे मत असे आहे की आधी ब्रेक सुधारावेत आणि मगच मोटरचा विचार करावा, कारण ओल्या लोखंडी रिमवर ते रबर नीट धरत नाही आणि मोटरमुळे वेग व वजन दोन्ही वाढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मापे. पाना हातात घेण्यापूर्वी शेलची रुंदी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत व्हर्निअरने मोजावी. कपाची बाहेर आलेली कड त्यात धरू नये. आटे असलेल्या नेहमीच्या शेलची रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते आणि बाफांग कंपनीच्या बीबीएस मालिकेसारख्या मिड-ड्राइव्ह मोटरी याच मापांसाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या एक्सलला आत सुमारे ३३.५ मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रुंदी याहून बरीच वेगळी निघाली तर काही उघडण्याच्या आधीच किट विकणाऱ्याशी बोलून घ्यावे. वावराच्या हंगामात उघडून ठेवलेली सायकल भिंतीला टेकून उभी राहणे परवडत नाही.

आपल्या सायकलीत कोणता प्रकार आहे

क्रँक एक्सलवर जिथे बसतो तिथे आडवी खुंटी आणि तिच्या टोकाला छोटा नट दिसला तर ती कॉटर पिनची सायकल आहे. जुन्या काळ्या सायकली जवळपास सगळ्या अशाच असतात आणि त्यांत सुटे किंवा जाळीतले छर्रे, उजवीकडे एक पक्का कप, डावीकडे एक कमी-जास्त करता येणारा कप आणि त्याला जागी आवळून धरणारी लॉकरिंग अशी रचना असते. क्रँकच्या मधोमध प्लास्टिकचे टोपण असेल आणि ते काढल्यावर बोल्ट किंवा नट दिसत असेल तर एक्सलचे टोक चौकोनी आहे. अशा सायकलीत सुट्या छर्‍यांचा बॉटम ब्रॅकेट असतो किंवा बंद नळीसारखे कार्ट्रिज असते. डावा क्रँक, एक्सल आणि उजवा क्रँक हे तिन्ही एकाच वाकवलेल्या सळईचे असतील तर तो अखंड क्रँक होय. तो लहान मुलांच्या आणि स्वस्त सायकलींत आढळतो. त्याच्या शेलला आटे नसतात, व्यास ५१ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मोटर बसवायला वेगळा अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो.

पुढचे बहुतेक विवेचन कॉटर पिनच्या सायकलीला धरून आहे, कारण गावात तीच जास्त आहे आणि तीच जास्त अडते.

आदल्या दिवशीचे काम

गंज धरलेल्या आट्यांना तेल मुरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी करावी. तेल बाहेरून कपाच्या कडेवर सोडले तर फार थोडे आत जाते. त्यापेक्षा सीट आणि तिची दांडी काढून सीटच्या नळीतून तेल ओतावे; ते थेट शेलमध्ये उतरते आणि कपाच्या आट्यांपर्यंत आतल्या बाजूने पोचते. पावसाचे पाणीही याच वाटेने आत उतरलेले असते, त्यामुळे तेलालाही तीच वाट सोपी पडते. चहाचा अर्धा कप तेल पुरते. सायकल रात्री उजव्या कुशीवर, म्हणजे चेनची बाजू खाली ठेवून आडवी करावी, कारण जास्त अडतो तो उजवा कप. सकाळी तासभर ती डाव्या कुशीवर ठेवावी.

तेल कोणते, हा प्रश्न साधा वाटतो पण इथेच चूक होते. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा किंवा गंज सोडवणारे तेल मिळाले तर उत्तम. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून वापरावे. घरातले जवसाचे तेल मात्र यासाठी मुळीच वापरू नये. जवसाचे तेल हवेशी संयोग पावून वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रंगकामात आणि लाकडावर ते त्याच गुणामुळे वापरतात. आट्यांत ते गेले तर काही दिवसांनी डिंकासारखे घट्ट बसते. पोटॅशच्या पोत्यांची वाहतूक झालेली सायकल असेल तर तेलाआधी शेलभोवतीची जागा पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, कारण म्युरेट ऑफ पोटॅश हे एक प्रकारचे मीठच आहे आणि त्याचा थर ओल धरून गंज वाढवत राहतो.

बॅटरी आणि कंट्रोलर या दिवशी सायकलीच्या जवळही आणू नयेत. तसे का, हे वेल्डिंगच्या ठिकाणी स्पष्ट होईल.

कॉटर पिन आणि क्रँक

पायडल नव्या क्रँकला वापरायचे असतील तर ते आधी काढावेत, कारण क्रँक फ्रेमवर असताना जोर लावायला आधार मिळतो. चेन आणि चेनकव्हर उतरवून ठेवावे. मग कॉटर पिनचा नट सोडवून पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच बाहेर घ्यावा आणि तिथेच राहू द्यावा. त्यामुळे हातोड्याचा घाव नट आणि पिन या दोघांवर मिळून बसतो आणि पिनचे आटे चेपून फुलत नाहीत.

आता क्रँक आडवा करून पिनचे आट्याचे टोक वर आणावे. एक इंची लोखंडी पाइपाचा एक तुकडा जमिनीपासून क्रँकच्या खालच्या अंगापर्यंत बरोबर पोचेल इतका कापून घ्यावा आणि पिनचे जाड डोके पाइपाच्या पोकळीत येईल असा क्रँकखाली उभा करावा. हा टेकू सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो नसेल तर घावाचा जोर क्रँकमधून एक्सलवर, एक्सलवरून छर्‍यांवर आणि तिथून कपांवर जातो, पिन जागची हलत नाही आणि कपात मात्र छर्‍यांचे खळगे उमटतात. पाइप मातीत खचू नये म्हणून खाली फरशी किंवा लाकडाचा जाड ठोकळा ठेवावा.

हातोडा किलोभराचा असावा आणि घाव एकच, सरळ, मनापासून घातलेला असावा. हलक्या हाताने वीस वेळा टकटक केल्याने पिनचे टोक मशरूमसारखे पसरते आणि मग ती भोकातून जातच नाही. पिन मऊ लोखंडाची असते, ती खराब झाली तरी हरकत नाही. ती नवी अगदी स्वस्तात मिळते आणि मोटर बसल्यावर तिची गरजही उरत नाही. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हे काम करू नये. शेतात फवारणीसाठी ठेवलेला गॉगलही चालतो.

पिन वाकली आणि अडकली तर तिचे बाहेरचे टोक हॅकसॉने क्रँकशी सपाट कापावे, मधोमध पंचने खूण करावी आणि आधी ४, मग ६, मग ८ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक वाढवत जावे. पिनचा व्यास बहुधा ९.५ मिलिमीटर असतो, त्यामुळे ८ चे भोक पडल्यावर जी पातळ साल उरते ती पंचच्या एका घावात आत कोसळते. पिन निघाली की क्रँक हाताने हलवत बाहेर येतो. दुसऱ्या बाजूलाही हीच कृती करावी.

चौकोनी एक्सलच्या सायकलीत क्रँक ठोकून काढू नये, त्याला क्रँक पुलर, म्हणजे क्रँकच्या आट्यांत बसून तो ओढून काढणारे हत्यार, लागतो. मधला बोल्ट किंवा नट, जो सहसा १४ मिलिमीटरच्या सॉकेटने निघतो, तो काढल्यावर आत वॉशर राहिलेला नाही ना हे बोट घालून पाहावे. वॉशर राहिला तर पुलर एक्सलऐवजी त्या वॉशरवर जोर लावतो आणि क्रँकचे आटे उपटून बाहेर येतात. पुलर हाताने शेवटपर्यंत आत फिरवावा. दोन-तीन आट्यांवर टेकलेला पुलर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकला कधीच सोडवत नाही.

दिशा

सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी आहे असे धरून पुढची गोष्ट वाचावी. आपल्याकडच्या नेहमीच्या शेलमध्ये डाव्या कपाचे आटे सुलटे असतात आणि उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. डावीकडे उभे राहून डावा कप घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. उजवीकडे उभे राहून उजवा कप घड्याळाच्या दिशेने सुटतो. पायडलांचे नेमके याच्या विरुद्ध आहे. उजव्या पायडलाचे आटे सुलटे आणि डाव्याचे उलटे असतात, आणि त्यामुळे एका दिवशी दोन्ही कामे करणारा माणूस हमखास गोंधळतो.

मी हे घड्याळाने लक्षात ठेवत नाही. पाना त्या भागावर उभा, म्हणजे दांडा वर करून लावावा. कप सोडवायचा असेल तर दांड्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ढकलावे आणि पायडल सोडवायचे असेल तर ते मागच्या चाकाकडे ओढावे. डावीकडून करा की उजवीकडून, दोन्ही बाजूंना हेच लागू पडते. फ्रेम उलटी, सीटवर आणि हँडलवर उभी केली असेल तर मात्र हा नियम फिरतो, म्हणून निदान पहिल्यांदा तरी सायकल सरळ उभी ठेवूनच काम करावे. खात्री हवी असेल तर खडूने शेलवर बाण काढून ठेवावा; मी आजही काढतो.

दोन्ही बाजूंना सुलटे आटे असलेला एक इटालियन प्रकारही असतो. तो आपल्या गावातल्या सायकलींत सहसा भेटत नाही, पण परदेशी बनावटीची जुनी फ्रेम असेल तर शंका ठेवावी. डावा कप निघाल्यावर टॉर्च मारून आत पाहिले की उजव्या टोकाशी कपाच्या मागे उघडे पडलेले एक-दोन आटे दिसतात. त्यांचा उतार डाव्या टोकाच्या आट्यांच्या उलट असेल तर आपली दिशा बरोबर आहे.

डावा कप आणि एक्सल

डाव्या बाजूच्या लॉकरिंगला खाचा असतात. त्यासाठीचा आकडीचा पाना नसेल तर बोथट पंच खाचेत तिरका लावून हलक्या हातोडीने घड्याळाच्या उलट दिशेने ठोकावे. धारदार छिन्नी लावली तर ती खाच कापत जाते. रिंग सुटल्यावर कपावरची दोन भोके किंवा सपाट कडा पकडून तोही त्याच दिशेने काढावा. बहुतेक वेळा डावा कप फार त्रास देत नाही.

कप पूर्ण निघण्यापूर्वी खाली परात ठेवून सायकल थोडी डावीकडे कलती करावी. छर्रे पाव इंची असतात आणि सुटे असतील तर दर बाजूला अकरा. त्यांच्यासोबत जे बाहेर येते ते पाहण्यासारखे असते. माझ्या सायकलीतून काळी, चमकदार, लोण्यासारखी मऊ पेस्ट निघाली, आणि बोटांत चोळली तेव्हा ती वाळूसारखी कचकचली. ग्रीस आणि काळी माती यांचे ते मिश्रण वर्षानुवर्षे कपांना घासत होते. बावीसपैकी तीन छर्रे फुटून अर्धे झाले होते आणि एक सापडलाच नाही. एक्सल बाहेर काढताना त्याची कोणती बाजू उजवीकडे होती याची खूण करावी, कारण दोन्ही टोकांची लांबी सारखी नसते.

उजवा कप

खरी कसोटी इथे आहे. उजव्या कपाची बाहेरची कड जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावर समोरासमोर दोन सपाट बाजू कापलेल्या असतात, बहुधा ३६ मिलिमीटर अंतराच्या. एवढ्या पातळ कडेवर साधा पाना टिकत नाही, जोर लावताच तो घसरतो आणि हात फ्रेमवर आपटतो. कपाचे पोलाद कडक केलेले असते, त्यामुळे छिन्नी त्यात रुतत नाही आणि तिचा तुकडा उडू शकतो.

ज्याच्याकडे किंवा ज्याच्या शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात पक्का बसवलेला व्हाइस आहे त्याने पहिल्यांदा तोच वापरावा. दोन्ही चाके काढून फ्रेम आडवी करावी, उजवी बाजू खाली, आणि कपाच्या दोन सपाट कडा व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळाव्यात. आता पाना फिरवायचा नाही, फ्रेमच फिरवायची. वरून पाहताना फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरवावी, म्हणजे खाली धरलेला कप सुटतो. एका हाताने हँडलजवळची नळी आणि दुसऱ्या हाताने मागचा त्रिकोण धरला की अर्ध्या मीटरहून जास्त लांबीचा दांडा आपोआप मिळतो. जोर हळूहळू वाढवावा, झटका देऊ नये. कप सुटतो तेव्हा एकच कोरडा टक असा आवाज येतो आणि शेलच्या कडेवर विटकरी रंगाच्या बारीक भुकटीची रेघ दिसते. तिथे थांबून पुन्हा तेल सोडावे, पाव वळसा मागे, अर्धा वळसा पुढे असे करत कप बाहेर घ्यावा. गंजाची भुकटी आट्यांत भरडत एका दमात ओढून काढला तर शेलचे आटे ओरबाडले जातात.

व्हाइस नसेल किंवा कडा आधीच गोल झाल्या असतील तर बोल्टची युक्ती उपयोगी पडते. कपाच्या मधल्या भोकातून जेमतेम जाईल असा, सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा आणि शेलच्या रुंदीहून थोडा लांब बोल्ट आणावा. तो बाहेरून, उजवीकडून घालावा. डोक्याखाली एक जाड वॉशर आणि एक स्प्रिंग वॉशर ठेवावा. आतल्या बाजूला कपाच्या पोकळीत बसेल असा वॉशर आणि नट डावीकडच्या मोकळ्या तोंडातून सरकवून बॉक्स पान्याने धरावा. बोल्ट कचकचून आवळला की वॉशर आणि कप एकमेकांना घट्ट धरतात. मग डावीकडचा पाना काढून फक्त बोल्टचे डोके घड्याळाच्या दिशेने फिरवत राहावे. बोल्ट आवळण्याची आणि उजवा कप सुटण्याची दिशा एकच असल्यामुळे जितका जोर वाढतो तितकी पकडही वाढते, आणि शेवटी कपालाच फिरावे लागते. डाव्या कपाला ही युक्ती चालत नाही, तिथे बोल्टच सैल होईल.

एवढ्यानेही भागले नाही तर उष्णता वापरावी. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने वाढते. म्हणजे ३४ मिलिमीटर व्यासाचा शेल १०० अंशांनी तापवला तर त्याचा व्यास जेमतेम ०.०४ मिलिमीटरने वाढतो. हे कमी वाटते, पण गंजाची पकड मोडायला पुरते. अट एवढीच की शेल तापला पाहिजे आणि कप थंड राहिला पाहिजे. म्हणूनच मे महिन्यात सायकल दिवसभर उन्हात ठेवली तर कप सुटतो हा समज चुकीचा आहे, कारण उन्हात शेल आणि कप दोन्ही सारखेच तापतात आणि सारखेच फुगतात. आधी आत राहिलेले तेल आणि डिझेल पूर्ण पुसून काढावे, वाळल्या चाऱ्यापासून आणि कापसापासून दूर अंगणात यावे, बादलीभर पाणी जवळ ठेवावे, आणि मग ब्लो टॉर्चने फक्त शेल बाहेरून फिरवत तापवावा. त्याच वेळी कपाच्या पोकळीत ओल्या फडक्याचा बोळा ठेवावा. रंग जळेल, तो नंतर लावता येतो.

शेवटचा उपाय वेल्डिंगचा आहे, आणि तो वाटतो तितका अघोरी नाही. कपाच्या तोंडावर मोठा नट किंवा लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली की पान्याला भक्कम पकड मिळते, आणि वेल्डच्या तापलेल्या धक्क्याने गंजही सैल होतो. कप थोडा निवला की लगेच फिरवावा. वेल्डिंगच्या वेळी फ्रेमवर बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले यांतले काहीही असता कामा नये, कारण वेल्डिंगचा प्रवाह फ्रेममधून फिरतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग त्यात जळू शकतात. किटचे खोके आदल्या दिवसापासून दूर ठेवायला सांगितले ते याचसाठी.

कार्ट्रिज आणि अखंड क्रँक

कार्ट्रिजला आतल्या बाजूने वीस बारीक दाते असतात आणि त्यात बसणारे दात्यांचे सॉकेट विकत घ्यावेच लागते; त्याला घरगुती पर्याय शोधण्यात अर्थ नाही. आधी डावी रिंग काढावी, ती कधी कधी प्लास्टिकची असते, आणि मग उजवीकडून पूर्ण कार्ट्रिज काढावे. दिशा वर सांगितलेल्याच. सॉकेट घसरून दाते मोडू नयेत म्हणून क्रँकचाच बोल्ट एका मोठ्या वॉशरसह सॉकेटच्या भोकातून एक्सलमध्ये घालावा आणि सॉकेट जागी दाबून धरावे. कार्ट्रिज सुटले की तो बोल्ट आधी सैल करावा आणि मगच पुढे फिरवावे.

अखंड क्रँकमध्ये डावे पायडल काढल्यावर डावीकडचा नट आणि त्यामागचा कोन, म्हणजे छर्‍यांना दाबून धरणारा शंकूसारखा भाग, हे दोन्ही उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटतात. त्यानंतर क्रँक उजवीकडून वळवत बाहेर येतो आणि ठोकून बसवलेले कप आतून गोल फिरत ठोकून काढता येतात.

रिकामा शेल

कप निघाले म्हणजे काम संपले असे समजून लगेच मोटर आत सरकवण्याची घाई होते. आधी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन आटे घासावेत, कोरड्या फडक्याने पुसावे आणि बोट आतून फिरवावे. फ्रेमच्या नळ्या शेलला जिथे जोडल्या आहेत तिथे वितळलेल्या धातूचे थेंब किंवा नळीची आत आलेली कड लागली तर अर्धगोल कानशीने ती सपाट करावी. शेलच्या खाली गिअरच्या तारांचा प्लास्टिकचा तुकडा स्क्रूने बसवलेला असेल तर त्या स्क्रूचे टोक आत आले आहे का ते मुद्दाम पाहावे. तेवढ्या टोकाने मोटरचा एक्सल आत जायचा अडतो किंवा ओरखडतो. खाली पाणी निघून जाण्याचे बारीक भोक असेल तर त्यातली माती काढून ते मोकळे ठेवावे.

शेलच्या दोन्ही तोंडांवर रंगाचे पोपडे आणि छिन्नीने उठलेले धातूचे ओठ राहू देऊ नयेत, कारण मोटरचे धड या तोंडांना टेकूनच आवळले जाते. सपाट कानस दोन्ही बाजूंना आडवी ठेवून हलक्या हाताने फिरवावी. माझ्या शेलवरचे ते तीन घाव असेच सपाट करण्यात एक सकाळ गेली. त्यानंतर आट्यांवर ग्रीसचा पातळ थर लावावा, म्हणजे मोटर आत असली तरी आटे गंजणार नाहीत.

मोटर उजवीकडून घालून चेनस्टेला, म्हणजे शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला, कुठे घासत नाही ना हे हाताने फिरवून पाहावे. चालताना प्रतिक्रियेने मोटरचे धड वर, पुढच्या तिरक्या नळीकडे सरकू पाहते, म्हणून आवळण्यापूर्वीच ते त्या बाजूला टेकवून घ्यावे आणि मग डावीकडचा नट आवळावा. पांदणीच्या खडबडीत वाटेवर हा नट पहिल्या काही फेऱ्यांत थोडा सैल होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात रोज सायंकाळी आणि पुढे दर पंधरवड्याला तो पान्याने तपासावा.

जुने कप, एक्सल आणि चांगले छर्रे डिझेलमध्ये धुऊन, ग्रीस लावून झाकणाच्या डब्यात ठेवावेत. उजव्या कपाला लाल दोरा बांधावा, आणि डब्याच्या आत एका कागदावर शेलची रुंदी, एक्सलची लांबी आणि त्याची उजवी बाजू कोणती हे पेन्सिलने लिहून ठेवावे.